शब्दात आणि वागण्यात ख्रिस्ती प्रीती: गावागावांतून वारंवार येणारे प्रश्न

यवतमाळ, अमरावती, वाशीम या भागांतल्या लहान ख्रिस्ती मंडळ्यांमधून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. कोणी उपासना सुटल्यावर ओसरीवर विचारतं, कोणी घरप्रार्थनेनंतर, कोणी रात्री फोन करून. विचारणाऱ्याची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात गेला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ख्रिस्ती प्रीती म्हणजे सगळ्यांशी गोड बोलणं का?

नाही. गोड बोलणं चांगलंच, पण गोड बोलून माप मारणारेही आपण बाजारात रोज पाहतो. योहान आपल्या पहिल्या पत्रात (३:१८) म्हणतो की प्रीती नुसती जिभेवर राहू नये, ती कृतीत आणि सत्यात दिसावी. पौलही करिंथकरांना लिहिताना प्रीतीची लक्षणं सांगतो आणि त्यात म्हणतो की ती सत्याबरोबर आनंद करते (१ करिंथ १३:६).

माझ्या मते याचा अर्थ साधा आहे. ज्याच्यावर प्रीती करता त्याला दोन गोष्टींचा भरवसा वाटला पाहिजे: तुमच्याकडून त्याला खरं कळेल, आणि त्याच्या हक्काचं त्याला मिळेल. खालची सगळी उत्तरं याच भरवशावर उभी आहेत.

२. आमचीच परिस्थिती बेताची. द्यायला पैसा नाही. मग कृतीतून प्रीती कशी दाखवायची?

गावात बहुतेक वेळा पैशापेक्षा माणूस कमी पडतो. समजा, शेजारच्या काकूला सेवाग्रामला किंवा नागपूरला दवाखान्यात जायचं आहे. तिला सकाळच्या एसटीत बसवून देणारं कोणी हवं, चिठ्ठीच्या रांगेत उभं राहणारं कोणी हवं, डॉक्टर काय म्हणाले ते नीट ऐकून घरी सांगणारं हवं. आणि ती येईपर्यंत तिच्या बकऱ्यांना पाला टाकणारं, पोरांना दोन भाकरी करून देणारंही हवं. यात तुमचा दिवस जातो. रोजमजुरी करणाऱ्याचा दिवस म्हणजे त्याची कमाईच, त्यामुळे हे देणं लहान नाही.

याकोबाच्या पत्रात (२:१५-१६) उघड्या आणि उपाशी माणसाला ‘सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो’ असं म्हणून वाटेला लावणाऱ्यांबद्दल लिहिलं आहे. आपल्याकडे त्याची जागा ‘तुमच्यासाठी प्रार्थना करतो’ या वाक्याने घेतली आहे. प्रार्थना जरूर करा. पण म्हणालात तर खरंच करा, आणि हाताने होण्यासारखं काम असेल तर तेही करा.

३. ही प्रीती फक्त विश्वासी बंधुभगिनींसाठी आहे की गावातल्या सगळ्यांसाठी?

सगळ्यांसाठी. ‘माझा शेजारी कोण?’ हा प्रश्न येशूला विचारला गेला होता आणि त्याने चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली (लूक १०). यहूदी लोक ज्यांच्याशी व्यवहार टाळत, त्या शोमरोन्यांपैकी एकाने वाटेत पडलेल्या जखमी माणसाला उचललं. त्याने जखमा बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, दोन दीनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परत येताना भरीन असंही सांगितलं. मला या गोष्टीतला तो शेवटचा शब्द फार मोठा वाटतो. मदत करून तो मोकळा झाला नाही, पुढच्या खर्चाचा शब्द देऊन स्वतःला बांधून गेला.

अमरावती जिल्ह्यात राहणाऱ्याला हे परकं वाटायला नको. शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र असं सांगितलं. मत्तयाच्या २५व्या अध्यायात येशू याच गरजा मोजतो आणि म्हणतो, माझ्या या लहानातल्या एकासाठी जे केलं ते माझ्यासाठी केलं. गावातले इतर लोक असं काम करत असतील तर त्यांच्या जोडीने खराटा हातात घ्या. त्यासाठी वेगळा फलक लावायची गरज नाही.

४. खरं बोललं की माणसं तुटतात. मग गप्प बसणं बरं नाही का?

काही वेळा गप्प बसणं बरं असतं. मनात आलेलं प्रत्येक मत बोलून दाखवणं म्हणजे सत्य नव्हे. एखादीची भाजी खारट झाली, एखाद्याचं गाणं बेसूर झालं, हे सांगितलंच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही.

पण समोरच्याचं नुकसान होत असेल तर बोलावं लागतं. कसं बोलावं तेही येशूने सांगितलं आहे: आधी त्याला एकटा गाठून सांग (मत्तय १८:१५). चौकात नाही, लग्नाच्या पंगतीत नाही, आणि तो पिऊन आलेला असताना तर नाहीच. स्वतः पाहिलं तेवढंच सांगा. ‘तू सोसायटीचे पैसे खाल्ले’ हा निवाडा झाला. ‘दादा, पावती पाचशेची आहे आणि वहीत तीनशे लिहिलेत, हे कसं?’ हे पाहिलेलं झालं. दुसऱ्या बोलण्यात त्याला उत्तर द्यायला जागा उरते. कधी कधी त्याच्याकडे सरळ उत्तरही असतं.

५. घरप्रार्थनेत दुसऱ्याच्या अडचणीसाठी प्रार्थना मागितली तर ती चुगली होते का?

त्याने सांगायची परवानगी दिली नसेल तर होते. ‘अमक्याच्या पोरीसाठी प्रार्थना करा, तिचं काहीतरी चाललंय म्हणतात’ हे वाक्य डोळे मिटून बोललं तरी सकाळपर्यंत गावभर होतं. आधी त्या घरी विचारा. नको म्हणाले तर देवाजवळ एकट्याने मागा. त्याला नाव मोठ्याने सांगावं लागत नाही.

६. वेचणीच्या बायांची मजुरी आम्ही गावात चालते तशीच देतो. त्यात प्रीतीचा काय संबंध?

सगळा संबंध इथेच आहे, म्हणून याचं उत्तर लांबवतो.

संध्याकाळी धुऱ्यावर काय होतं ते आठवा. बाभळीच्या फांदीला काटा टांगलेला असतो. बाया दिवसभर कंबर वाकवून वेचलेला कापूस गाठोड्यात बांधून आणतात. गाठोडं आकड्याला अडकवलं की काटा हलत असतो. तो थांबायच्या आधीच मालक ‘सदतीस’ म्हणतो आणि वहीत लिहितो. काटा थांबतो तेव्हा साडेसदतीस असतात. कधी वर ‘दव धरलंय’ म्हणून आणखी किलोभर कापतात. बाई काही बोलत नाही, कारण उद्या काम हवं असतं. पण गाठोडं उचलताना तिला वजन कळलेलं असतं. आठ बायांचा अर्धा अर्धा किलो गेला तर चार किलो झाले. किलोला दहा रुपये धरले तरी रोजचे चाळीस रुपये, तेही ज्यांच्या घरी तेलमिठाचा हिशेब रोज होतो त्यांच्या पदरातले. आणि याच आठ जणी रविवारी आपल्या शेजारी बसून ‘आमच्या पित्या’ म्हणत असतील.

लेवीय १९:१३ मध्ये मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडकवून ठेवू नको अशी आज्ञा आहे. याकोब (५:४) तर म्हणतो की अडवून ठेवलेली मजुरी स्वतः ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते. ‘कापसाचा चुकारा आला की देतो’ हे आपल्याकडचं नेहमीचं उत्तर. तुमचा चुकारा अडला असेल, पण वेचणी झालेली आहे. वेचणीला माणसं लावण्याआधी मजुरीची सोय बघा. सोय नसेल तर कामाला बोलावतानाच स्पष्ट सांगा, ‘पैसे अमुक बाजारच्या दिवशी देईन’, म्हणजे यायचं की नाही हे ती ठरवू शकेल.

करायच्या गोष्टी: काटा थांबू द्या. आकडा तिला दाखवा. वरचे ग्रॅम तिच्या बाजूने धरा. तिच्याकडेही एक लहान वही असू द्या, स्वतःला लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारं पोरगं लिहील. माणूस म्हणून तिचा मान ठेवला की नाही हे या वहीवरून कळतं.

मागे कापून घेतलं असेल आणि आता मनाला टोचत असेल तर जकातदार जक्कयची गोष्ट वाचा (लूक १९). त्याने नुसती माफी मागितली नाही, ज्याचं घेतलं त्याला चौपट परत देतो म्हणाला.

७. व्यापारी आमचा काटा मारतो. मग आम्ही कापसावर थोडं पाणी मारलं तर काय बिघडलं?

राग समजतो. खेडा खरेदीला येणारा गाडीवाला क्विंटलमागे किती मारतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कर्ज फेडायची घाई असलेला कास्तकार त्याला परत पाठवू शकत नाही. तरी पाणी मारू नका.

पहिलं कारण वचनात आहे: खोटा तराजू परमेश्वराला वीट आणतो (नीतिसूत्रे ११:१), आणि पाणी मारलेला कापूस म्हणजे खोटा तराजूच. दुसरं कारण पाहण्यातलं आहे. ओला कापूस ढिगात तापतो, पिवळा पडतो. सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव धरते आणि बारा टक्क्यांच्या वर कापूस घेतच नाही. व्यापारी एकदा फसला की पुढच्या वेळी गावातल्या सगळ्यांच्याच कापसाला ओला धरून भाव पाडतो. म्हणजे तुमचं पाणी शेवटी शेजाऱ्याच्या कोरड्या कापसातून वसूल होतं.

काटा मारणाऱ्याविरुद्ध मात्र बोला. गावातल्या चारपाच जणांनी मिळून आधी एका ठिकाणी तपासलेल्या काट्यावर वजन करून घ्यावं, मग गाडीवाल्याला तो आकडा दाखवावा. तो ऐकत नसेल तर बाजार समितीत आणि वैधमापन निरीक्षकाकडे लेखी तक्रार करता येते. ही तक्रारही शेजाऱ्यावरची प्रीतीच आहे, कारण पुढच्या गावचं नुकसान टळतं.

८. कोणी उसने मागायला आलं आणि द्यायचे नसतील, तर ‘घरात नाहीत’ म्हणणं पाप आहे का?

घरात असतील तर ते खोटं आहे, आणि त्याची गरजही नाही. ‘आहेत, पण पोराच्या फीसाठी ठेवलेत, त्यातले देऊ शकत नाही’ असं म्हणता येतं. ऐकणाऱ्याला क्षणभर वाईट वाटतं, पण पुढच्या आठवड्यात तुम्ही बियाणं आणलेलं त्याला दिसलं तर मनात गाठ बसत नाही. जमत असेल तर मोठी रक्कम उसनी देण्यापेक्षा लहान रक्कम परतीची आशा न ठेवता द्या (लूक ६:३५). माझ्या पाहण्यात गावातली निम्मी भांडणं न फिटलेल्या उसनवारीतून सुरू होतात.

जामीन राहण्याबद्दलही बरेच जण विचारतात. नीतिसूत्रांत (२२:२६-२७) त्याबद्दल कडक सावध केलं आहे. जेवढी रक्कम तुम्ही स्वतः भरू शकता तेवढ्यालाच सही करा, नाहीतर तोंडावर नाही म्हणा. ‘बघतो, विचार करतो’ म्हणत महिनाभर आशेवर ठेवणं हे सगळ्यांत वाईट.

९. गावात भंडारा असतो, पोळा असतो, शेजारच्या घरी तेरवी असते. गेलो तर विश्वासाशी तडजोड, नाही गेलो तर ‘हे वेगळे झाले’ म्हणतात. काय करावं?

शोक आणि पूजा यांत फरक करा. मयताच्या घरी जाणं, खांदा देणं, सरणाची लाकडं आणणं, तेरवीला मंडप घालायला किंवा पाणी वाढायला उभं राहणं, यात कसलीच अडचण नाही. शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा असं पौल स्पष्टच सांगतो (रोमकरांस १२:१५). बैलांना पोळ्याला धुऊन सजवणं, त्यांना चांगलं खाऊ घालणं हेही वर्षभर राबलेल्या जनावराचं ऋण मानणं आहे. त्यांची आरती करणं मात्र आपल्याला जमणार नाही.

जेवणाबद्दल १ करिंथ १० वाचा. पानात वाढलेलं मनाची चौकशी न करता खा, पण हे देवाला वाहिलेलं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं तर त्याच्या मनासाठी खाऊ नका, असा पौलाचा सल्ला आहे. मंडळीत यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांचा न्याय करू नये.

नाही म्हणायचं असेल तर खोटी सबब सांगू नका. ‘पोट बिघडलंय’ म्हणून प्रसाद टाळलात आणि तासाभराने पंगतीत वांग्याची भाजी न् रोडगे खाल्लेत, तर सगळे पाहतात. ‘काकू, तुमच्या हातचं जेवायला येतो, प्रसाद मात्र घेत नाही, राग नको’ असं हात जोडून सांगितलं तर राग क्वचितच येतो.

१०. मदत करताना येशूबद्दल सांगायचं की नाही?

मदत आमिष होता कामा नये. तांदूळ देताना ‘रविवारी या’ अशी अट, दवाखान्यात नेताना बाप्तिस्म्याचा विषय, पोराच्या शाळेच्या बदल्यात नाव बदलणं, हे करू नका. ते प्रीतीचं सोंग आहे, आणि ज्याला गरज आहे त्याला नाही म्हणायची मोकळीक राहत नाही. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला एकच परत आला, आणि उरलेल्या नऊ जणांचं बरं होणं त्याने काढून घेतलं नाही (लूक १७).

त्याच वेळी विश्वास लपवूही नका. कोणी विचारलं, ‘तुम्ही हे का करता?’ तर जे आहे ते दोन वाक्यांत सांगा आणि थांबा. पुढचं विचारायचं की नाही हे त्याच्यावर सोडा.

११. आजीला कॅन्सर आहे असं डॉक्टरांनी सांगितलं. घरचे म्हणतात तिला कळू द्यायचं नाही. आणि मंडळीतले काही म्हणतात की विश्वास असेल तर औषध बंद करा. काय करू?

दुसरं आधी. औषध बंद करा असं कोणीही सांगितलं, मग तो पाळक असो की बाहेरून आलेला संदेशक, ऐकू नका. देव बरं करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि म्हणूनच तपासणीला घाबरायचं कारण नाही. टीबीच्या रुग्णाने बरं वाटतंय म्हणून सहा महिन्यांचा कोर्स मध्येच सोडला तर रोग औषधाला दाद देईनासा होतो आणि घरातल्या लेकरांनाही लागतो. ‘मी बरा झालो’ अशी साक्ष द्यायची असेल तर तपासणीचा कागद हातात आल्यावर द्या.

आता आजी. ती विचारत असेल तर तिच्याशी खोटं बोलू नका. पुष्कळदा तिला अंदाज असतो, आणि घरच्यांना त्रास नको म्हणून तीही न कळल्याचं दाखवते. मग दोघंही एकटे पडतात. आधी तिलाच विचारा, ‘डॉक्टर काय म्हणाले ते सगळं ऐकायचंय का तुला?’ ती ‘तुम्हीच बघा, मला नको सांगू’ म्हणाली तर तोही तिचा हक्क आहे, तो पाळा. ऐकायचं म्हणाली तर हात धरून, थोडं थोडं सांगा, आणि उपचारात काय होणार आहे तेही सांगा. वावर कोणाच्या नावाने करायचं, कोणत्या लेकीला भेटायचं, कोणाशी अबोला सोडायचा, हे ठरवायला माणसाला वेळ लागतो. तो वेळ तिच्यापासून हिरावून घेऊ नये.

१२. सोयरिकीच्या वेळी मुलीचं किंवा मुलाचं सिकलसेल सांगितलं तर लग्न मोडतं. नंतर सांगितलं तर चालेल का?

चालणार नाही. विदर्भात आईबापांकडून लेकरांत येणारा हा रक्ताचा आजार घरोघरच्या ओळखीचा आहे, त्यामुळे हा प्रश्नही फार येतो. नवरा आणि बायको दोघंही वाहक (एएस) असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार (एसएस) असण्याची शक्यता चारांत एक असते. असं लेकरू पुढे किती दुखणं सोसतं हे ज्यांनी घरात पाहिलं त्यांना सांगायला नको. म्हणून ही माहिती दुसऱ्या घराच्या हक्काची आहे.

वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे, हेही तितकंच ठामपणे सांगा. वाहक मुलीचं, वाहकही नाही आणि आजारीही नाही अशा मुलाशी लग्न झालं तर बाळाला एसएस होत नाही. सगळ्यांत बरं म्हणजे मंडळीनेच रीत पाडावी: कुंकू किंवा साखरपुडा ठरण्याआधी दोन्हीकडची तपासणी, ती सरकारी दवाखान्यात होते. सगळेच तपासतात म्हटलं की एकाच मुलीवर बोट जात नाही. निकाल दोन घरांतच राहिला पाहिजे (प्रश्न ५).

१३. नवरा दारू पिऊन मारतो. पाळक म्हणतात क्षमा कर, प्रीती सगळं सहन करते. आणि विचारलं तर मी ‘पडले’ म्हणून सांगते.

ताई, ‘पडले’ म्हणणं आजपासून बंद करा. त्या खोट्याने तो वाचतो आणि तुम्ही आणखी धोक्यात जाता. प्रीती सगळं सहन करते असं जिथे लिहिलंय (१ करिंथ १३), तिथेच त्याच्या आदल्या ओळीत ती अनीतीत आनंद मानत नाही असंही लिहिलंय. क्षमा म्हणजे मार खात राहण्याची कबुली नव्हे. तुम्ही दूर राहूनही क्षमा करू शकता, आणि तक्रार करूनही करू शकता.

१८१ हा महिलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे, मारहाण चालू असताना ११२ लावा. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतो, त्याच्यामार्फत त्याच घरात राहण्याचा हक्कही मागता येतो. दवाखान्यात गेलात तर डॉक्टरांना खरं कारण लिहायला सांगा. आणि पाळकांना माझी विनंती: पुढच्या वेळी तिला वचन सांगण्याआधी नवऱ्याच्या घरी जाऊन त्याला सांगा, तो शुद्धीवर असताना, दोन वडील माणसं सोबत घेऊन.

१४. ज्या घरी कास्तकाराने आत्महत्या केली, तिथे जाऊन काय बोलावं? ‘देवाची इच्छा’ म्हणावं का?

म्हणू नका. ‘पाप केलं’ तर अजिबात म्हणू नका. लेकरं आणि सगळं काही गमावलेल्या इयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ काही न बोलता जमिनीवर बसले (इयोब २:१३). त्यांनी केलेलं सगळ्यांत चांगलं काम तेच, तोंड उघडल्यावरच ते चुकले. जा, बसा, पाणी भरा, चूल पेटवा. विधवेला तिच्या नावाने हाक मारा. कारण शोधू नका. कर्ज, नापिकी, आजार, घरातला ताण, कितीतरी गोष्टी एकत्र आलेल्या असतात, आणि त्या घरातलं प्रत्येक जण आधीच स्वतःला दोष देत असतं.

पंधरा दिवसांनी पुन्हा जा, कारण तेरवीनंतर माणसं येणं थांबतं. वसुलीवाले यायला लागतात तेही तेव्हाच. परवाना नसलेला सावकार दारात बसत असेल तर २०१४च्या सावकारी नियमन कायद्याखाली तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार होऊ शकते. तिच्यासोबत तिथे जा.

कोणी तुमच्याजवळ ‘आता जगण्यात राम नाही’ असं बोललं तर विषय बदलू नका. सरळ विचारा, ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटा सोडू नका, घरातलं फवारणीचं औषध दुसरीकडे हलवा आणि १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतीच्या क्रमांकावर फोन लावून द्या.

१५. त्याच घरचे म्हणतात, पंचनाम्यात कर्जाचा खोटा जबाब द्या म्हणजे एक लाखाची मदत मिळेल. बिचाऱ्या विधवेसाठी एवढं खोटं चालणार नाही का?

हा मला आलेला सगळ्यांत अवघड प्रश्न आहे. सरकारी मदतीसाठी नापिकी, थकलेलं कर्ज आणि वसुलीचा तगादा असे निकष बघतात, आणि खरोखर गरजू असलेली कितीतरी घरं ‘अपात्र’ ठरतात. जमीन बापाच्या किंवा भावाच्या नावावर असली की कसणाऱ्याच्या मरणाची नोंद कास्तकार म्हणून होणंही कठीण जातं. हे निकष मला फार अपुरे वाटतात.

तरी न पाहिलेलं पाहिलं म्हणून सही करू नका. प्रकरण उघडलं तर त्या बाईच्याच अंगाशी येतं, आणि पुढच्या खऱ्या प्रकरणातल्या साक्षीवरही कोणी विश्वास ठेवत नाही. नुसता नकार देऊन घरी मात्र जाऊ नका. सातबारा काढा, सोसायटीचं आणि बँकेचं खातं बघा, कपाटातल्या चिठ्ठ्या शोधा, कृषी केंद्राच्या उधारीची बिलं जमवा. पुष्कळदा खरं कर्ज कागदावर असतं, घरच्या बाईला ते कोणी कधी सांगितलेलंच नसतं. शोधायला कोणीतरी दोन दिवस दिले पाहिजेत. आणि एवढं करूनही प्रकरण अपात्र ठरलं, तर खरं बोलायला सांगणाऱ्या मंडळीने त्या घराची वर्षभराची ज्वारी आणि पोरांच्या वह्या-पुस्तकांची जबाबदारी घ्यावी.

१६. बाप्तिस्मा झालाय, पण जातीच्या दाखल्यासाठी कागदावर जुना धर्मच ठेवलाय. हे खोटं जगणं आहे का?

आधी नियम बघू. अनुसूचित जातीचा दर्जा १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरतो. तो आधी फक्त हिंदूंना होता, १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती त्यात नाहीत. अनुसूचित जमातीला अशी धर्माची अट नाही, त्यामुळे कोरकू किंवा गोंड विश्वासी या अडचणीत येत नाहीत.

हा फरक मला अन्यायाचा वाटतो. बाप्तिस्म्याच्या पाण्याने गावकऱ्यांच्या नजरेतली जात धुतली जात नाही, आणि गरिबी तर मुळीच नाही. पण शपथपत्रावर ‘मी अमुक धर्माचा’ असं खोटं लिहिलं तर ती शपथ खोटीच राहते, आणि उद्या दाखला रद्द झाला तर पोराची नोकरीही जाते. जो अजून शोधात आहे, उपासनेला येतो पण बाप्तिस्मा घेतलेला नाही, त्याला कोणी घाई करू नये. ज्याने घेतला आहे त्याने एखाद्या जाणत्या वकिलाकडून आपल्या घरची बाजू तपासून घ्यावी.

मंडळीसाठी दोन गोष्टी. दुसऱ्याच्या कागदांची चौकशी करत फिरू नका, तक्रार तर करूच नका. आणि एखाद्या पोराने खरं लिहिल्यामुळे शिष्यवृत्ती गेली, तर त्याच्या फीची सोय बघणं हे मंडळीचं काम आहे. हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोच्या गोष्टीत (प्रेषितांची कृत्ये ५) पेत्र स्पष्ट म्हणतो की वावर त्यांचंच होतं, विकल्यावर पैसेही त्यांच्याच हातात होते. गुन्हा होता तो आकडा लपवून सगळं दिल्याचा आव आणण्याचा. आपल्या दानपेटीचा हिशेबही दर महिन्याला भिंतीवर लावला, तर अशा पोरांसाठी किती उरतं ते सगळ्यांना दिसेल.

१७. प्रश्न १३ मधली बाई रात्री आमच्या घरी आसऱ्याला आली आणि तिचा नवरा दारात काठी घेऊन विचारतोय, तर खरं सांगायचं का?

तिचा ठावठिकाणा सांगायला तुम्ही बांधलेले नाही. दार न उघडता ‘मी काही सांगणार नाही, सकाळी शुद्धीवर ये’ एवढं म्हणा आणि ११२ लावा. इब्री बाळांना मारायला सांगणाऱ्या फारोला शिफ्रा आणि पुवा या सुइणींनी सरळ उत्तर दिलं नाही, आणि देवाने त्यांचं भलं केलं असं निर्गमच्या पहिल्या अध्यायात आहे. यरीहोतल्या राहाबनेही राजाची माणसं शोधत असलेल्या इस्राएली हेरांना छपरावर लपवलं. भीतीच्या त्या घडीला तोंडातून ‘इथे नाही’ गेलं तरी मी ते प्रश्न ६ मधल्या काट्याच्या पंगतीला बसवणार नाही. तिथे स्वतःच्या फायद्यासाठी दुबळ्याचं काढून घेतलं जातं, इथे दुबळ्याचा जीव राखला जातो.

सकाळी पोलीस किंवा संरक्षण अधिकारी विचारतील तेव्हा मात्र ती किती वाजता आली, कशी आली, अंगावर कुठे कुठे वळ होते, दारात काय बोलणं झालं, सगळं जसं घडलं तसं सांगा. नवरा तुमचा सख्खा भाऊ असला तरीही.